लहानग्यांना ‘स्टार वॉर्स’ कसं दाखवलंत? – अनुभव धागा

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं आमच्याकडे टिळकवाडीला येणार आहेत. थोरला दुसरीत, धाकटी बालवाडीत. माझा जीव असलेली ही अंतराळातल्या साहसी सिनेमांची मालिका त्यांच्यासोबत पाहायची फार इच्छा आहे. कोणत्या वयाला, कोणत्या क्रमानं दाखवलीत? भाषेचं काय केलंत? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्यांनी सविस्तर लिहा.

माझं मत सांगते: क्रम प्रदर्शनाचाच हवा. आधी १९७७, मग १९८० आणि १९८३. काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ वेडर हा नायक ल्यूकचा कोण लागतो, हे मुलांना १९८०च्या ‘एम्पायर’मध्येच कळावं. १९९९च्या भागापासून, म्हणजे कथेतल्या आधीच्या काळापासून मालिका सुरू केली, तर तो धक्का कायमचा जातो.

खानापूरहून, एक बाबा
आमची लेक मराठी शाळेत पहिलीला. सुरुवातीची वर सरकणारी पिवळी अक्षरं मी थांबवत थांबवत मराठीत वाचून दाखवली. काळजी होती च्युबाकाची, म्हणजे वैमानिक हान सोलोच्या केसाळ जोडीदाराची. तो नुसता गुरगुरतो, खाली ओळीही येत नाहीत. हान सोलो आपल्या भाषेत बोलतो, तो त्याच्या. लेकीला काहीच अडलं नाही. म्हणाली, “बाजारात आई मराठीत विचारती, भाजीवाल्या अक्का कन्नडात सांगतात. तसंच की!” आर-टू डी-टू या छोट्या रोबोच्या शिट्ट्यांचे अर्थ तर तीच मला सांगायला लागली. आपल्याकडच्या मुलांना दोघांनी दोन भाषांत बोलणं रोजचंच आहे. म्हणून सांगतो, वाक्यावाक्याला अर्थ सांगत बसू नका. पोरं विचारतील तेवढंच सांगा.

निपाणीहून, दोन मुलांची आई
वयापेक्षा मूल कशाला घाबरतं ते बघा. १९७७च्या भागात ल्यूकच्या काका-काकूंचे जळालेले सांगाडे दिसतात, दारूच्या गुत्त्यात एकाचा हात तुटतो. आम्ही तेवढं पुढे ढकललं. २००५चा ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ मात्र मोठे होईपर्यंत नाहीच. अमेरिकेत पीजी-१३ (तेराखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारा शिक्का) मिळालेला मालिकेतला तो पहिला भाग. त्यातला आगीचा प्रसंग मलाच बघवत नाही.

शहापूरहून, एक आजोबा
मी टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. नातवानं लेझरच्या तलवारी दाखवल्या आणि त्या घूंऽऽ आवाजाला मी उठून बसलो. प्रोजेक्टरची मोटर! मुलानं शोधून सांगितलं की सिनेमाचे ध्वनी-रचनाकार बेन बर्ट यांनी तो आवाज खरंच प्रोजेक्टरच्या घरघरीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण मिसळून केलाय. मग काय, रीळ कशी चढवायची, प्रोजेक्टरच्या दिव्याचा कार्बन कसा जुळवायचा, सगळं नातवाला सांगितलं. च्युबाकाच्या आवाजात अस्वल आहे हे कळल्यापासून तो प्रत्येक प्राण्याचा आवाज कान देऊन ऐकायलाय. मुलांना कथेबरोबर ही कारागिरी जरूर सांगा. ल्यूकचा बुटका हिरवा गुरू योडाही फ्रँक ऑझ यांनी हातानं चालवलेली बाहुली होती. ते ऐकून नातवानं मोज्याचा योडा केला.

अनगोळहून, एक मावशी
दरवर्षी गल्लीत मुलं मातीचा किल्ला करतात. गेल्या वर्षी महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजावर, आणि पायथ्याला कापूस पसरून ‘एम्पायर’मधला बर्फातला बंडखोरांचा तळ! मोठ्यांपैकी एकदोघांना रुचलं नाही. मी मुलांच्या बाजूनं बोलले. बलाढ्य सत्तेविरुद्ध मूठभर माणसं उभी राहतात, हे त्यांना किल्ला करतानाच कळलेलं होतं.

चिकोडीहून, एक बाबा
क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. आम्ही १९९९चा ‘फँटम मेनेस’ आधी दाखवला. त्यातला अनाकिन, म्हणजे पुढे वेडर होणारा मुलगा, नऊ वर्षांचा, माझा मुलगाही तेवढाच. पॉडरेस, म्हणजे त्यातली वेगवान यानांची शर्यत, तो श्वास रोखून बघत होता. धक्का गेला हे खरं, पण वेडरचा मुखवटा दिसला की तो “आतमध्ये अनाकिन हाय” म्हणून कळवळायचा. १९८३च्या भागात ल्यूकनं मुखवटा काढला, तेव्हा तो ल्यूकच्या आधी रडला. १९७७पासून सुरुवात केलेल्यांची मुलं तिथं कुणासाठी रडली, तेवढं लिहा.