गावातल्या महायुद्धाच्या पाटीवर नुसता आकडा आहे, नावं कशी शोधायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. चावडीच्या भिंतीत संगमरवराची पाटी आहे, इंग्रजीत लिहिलंय की या गावातून ५१ जण १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातल्या ६ जणांनी प्राण दिले. बस, नाव एकही नाही. अशा पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत, मजकूर तोच, आकडे तेवढे वेगळे. आता चावडी पाडून नवीन बांधायचीय, पाटी नव्या भिंतीत बसवायचं ग्रामसभेत ठरलं तेव्हा आम्ही म्हटलं शेजारी त्या ६ जणांची नावंपण लावू, सगळे लगेच हो म्हणाले, पण नावं सांगणारं कुणी उरलेलं नाही.

२ घरं कळलीत. एक आमच्या भावकीतलं, आजी एवढंच सांगायची की बसऱ्याला (आताच्या इराकमध्ये) गेले ते परत आलेच नाहीत. दुसरं घर वरच्या आळीतलं, त्यांच्या देव्हाऱ्यात तळहाताएवढी ब्राँझची गोल चकती आहे, त्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली बाई. ही चकती महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकार पाठवायचं, पण काकू ती देवीच समजून दर सणाला चिंचेनं घासतात, हळदकुंकू वाहतात. त्यांच्या सासूबाईपण तेच करायच्या. घासून घासून नाव गुळगुळीत झालंय. मी मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघितलं तर पहिलं नाव लागलं, आडनाव अर्धंच. आणि चकतीवर नंबर, हुद्दा, पलटण काहीच नसतं.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारी संस्था, त्यांच्या साईटवर शोधतोय. तिथं बऱ्याच शिपायांच्या नोंदीत वडलांचं नाव, गाव, तालुका आहे, पण स्पेलिंग साहेबाच्या कानानं लिहिलेली, आमचं गावच मला ३ प्रकारे सापडलं. भावकीतल्या आजोबांशी जुळणारी एक नोंद आहे, ११७ मराठा पलटण, १९१६, बसरा मेमोरियल. ही पलटण कुतच्या वेढ्यात होती (कुतही इराकमध्येच, तिथं तुर्कांनी इंग्रजांच्या फौजेला वेढलं होतं), २९ एप्रिल १९१६ ला तिथं इंग्रजांच्या फौजेची शरणागती झाली. आणि हे वाचून फार वाईट वाटलं की बसऱ्याच्या स्मारकावरही साध्या भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसता आकडा. म्हणजे इथंही आकडा, तिथंही आकडा.

तर कुणी असं काम केलं असेल तर सांगा. पंजाबातल्या गावांची भरतीची रजिस्टरं २०२१ मध्ये ऑनलाईन आली, तशी मुंबई इलाख्याची कुठं बघायला मिळतील का? बेळगावच्या मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र) पत्र लिहायचं तर सोबत काय काय जोडावं? पुसलेली अक्षरं चकतीला धक्का न लावता वाचायची काही पद्धत आहे का, काकूंना ती घराबाहेर द्यायची नाही आणि ते बरोबरच आहे.

अजून एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १११ महार पलटण १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली. आमच्या गावातलेही त्यात होते असं जुनी माणसं म्हणतात, पण ती घरं केव्हाच मुंबईला गेली. त्या पलटणीचे कागद कुठं असतात? नावं लागली तर सहाच्या सहा लागावीत, ज्यांची भावकी मोठी त्यांचीच नकोत.

तुमच्या घरी त्या काळचं मेडल असेल तर त्याची कड बघा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण कडेवर कोरलेलं असतं. आमच्या गावात आता घरोघर जाऊन तेच विचारतोय. चावडीचं काम दिवाळीनंतर सुरू होतंय. चकतीचे फोटो आहेत, काकूंना विचारून टाकतो.