कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर टेलनेट चालू ठेवावं का?

रात्रपाळी: माझं मत, एक दिवसही नाही. आमच्याकडे स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रं एकमेकांना जोडणारा डबा) अजून टेलनेटनेच लॉगिन करतात, म्हणजे दुरून, पण सगळं उघड्या अक्षरांत पाठवून. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आतलंच नेटवर्क आहे, कोण बघतंय?" परवा साहेबांसमोर वायरशार्क (नेटवर्कवरून जाणारं टिपून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसलं, कारण स्विच ते परत पाठवतो. पासवर्डचं एकदाच, पण अख्खा पासवर्ड सरळ वाचता आला. तोच पासवर्ड सगळ्या स्विचना! १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून असेच पासवर्ड टिपले गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी एसएसएच (तेच दुरून लॉगिन, पण सगळं सांकेतिक करून) लिहिलं. तेही 'आतलंच' नेटवर्क होतं.

जुना_हात: तळमळ पटते, 'एक दिवसही नाही' पटत नाही. आमचा एक कंट्रोलर (यंत्रं चालवणारा छोटा संगणक) एसएसएच बोलतच नाही, त्याला नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) येणार नाही आणि बदलायचा तर लाइन बंद ठेवावी लागेल. त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या अलग कप्प्यात, टाकलाय. जंप सर्व्हरपर्यंत (त्या कप्प्यात जायचा मधला संगणक) एसएसएच, पुढे टेलनेट. आणि एसएसएच म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. 'होस्ट की बदलली', म्हणजे समोरच्या यंत्राची ओळख बदलली, अशी सूचना आली की पोरं जुनी नोंद पुसतात आणि न वाचता 'यस' टाइप करतात. मध्ये कोणी बसला असेल तर पासवर्ड त्याच्याच हातात जातो.

रात्रपाळी: जंप सर्व्हरचं मान्य, तेवढा शब्द मागे घेतो. पण तुमचा अपवाद एका कंट्रोलरचा आहे. आमच्याकडे त्याच्या आडून एसएसएच येणारे स्विचही टेलनेटवरच राहिलेत. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने उघड्या टेलनेटमधूनच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, हे विसरू नका.

पोर्ट_बावीस: मिराईचा दाखला इथे बसत नाही, दादा. तिथे कोणी वायर ऐकली नव्हती. कंपनीने घालून दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले. तसलाच पासवर्ड एसएसएचवर ठेवलात तरी दार उघडंच. तुमचा खरा मुद्दा वायरशार्कचा आहे, तोच धरून ठेवा.

रात्रपाळी: बरोबर, तो दाखला चुकला. पण जिथे एसएसएच येतं, तिथे 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' (दुरून फक्त एसएसएचनेच आत येऊ दे) ही एक ओळ स्विचमध्ये टाकायला कोणाची हरकत आहे?

जुना_हात: माझी मुळीच नाही. उद्याच टाका. फक्त आधी आरएसए की (एसएसएचला लागणारी सांकेतिक किल्ली) तयार करा, एसएसएचने एकदा आत जाऊन बघा आणि कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय स्विचला थेट जोडणारी तार) जोडलेली ठेवा. की नसताना ती ओळ टाकलीत तर नेटवर्कवरून त्या स्विचमध्ये तुम्हालाच शिरता येणार नाही.