टॅक्रोलिमस कमी केलं ते बरोबरच

सासऱ्यांच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी निघाली, व्होरिकोनॅझोल हे बुरशीचं औषध सुरू झालं आणि नवी किडनी टिकावी म्हणून चालू असलेलं टॅक्रोलिमस डॉक्टरांनी थेट एक तृतीयांशावर आणलं. आता बदललेली किडनी शरीर नाकारेल का, असं तुम्ही विचारलंय. अहो, टॅक्रोलिमस मोडणारं यकृतातलं एन्झाइमच व्होरिकोनॅझोल अडवतं, त्यामुळे कमी गोळीतही रक्तातली पातळी टिकते. जुनाच डोस ठेवला तर उलट किडनीलाच मार बसतो. आमच्या दादाला टॅक्रोलिमससोबत फ्लुकोनॅझोल हे बुरशीचंच औषध चालू असताना हात इतके थरथरायचे की चहा बशीत सांडायचा. तपासलं तर पातळी दुपटीवर! खरी गोची बुरशीचं औषध थांबवताना होते. तेव्हा पातळी घसरते, डोस पुन्हा वाढवावा लागतो. त्या दिवसांत रक्ततपासणी अजिबात चुकवू नका. आणि हो, ही बुरशी मातीत असते, म्हणून सासऱ्यांचं कुंड्यांची माती उकरायचं काम सध्या दुसऱ्या कुणाकडे तरी द्या.