ट्रंकेतल्या कागदांत महादेव कोणता, हे कसं ठरवू?

प्रश्न
दादा (माझे वडील) गेल्यावर वाईचं घर आवरताना माळ्यावर पत्र्याची ट्रंक सापडली. आत तीन रुमाल, म्हणजे कागद बांधलेली कापडी गाठोडी : मोडी कागद, खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, पोस्टकार्डं. मी घाईघाईने सगळे सोडले आणि मोडी एकीकडे, पत्रं एकीकडे असे ढीग केले. आता अडलंय. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे 'महादेव बिन रामचंद्र' (रामचंद्राचा मुलगा महादेव) एक पिढी सोडून पुन्हा येतो. दादाही महादेवच. एका चिठोऱ्यावर 'कालयुक्त नाम संवत्सरे, आश्विन वद्य ५, महादेवास देवाज्ञा जाहली' एवढंच आहे. शकाचा आकडा कसरीने खाल्ला. हे पणजोबा, की त्यांचे आजोबा? दादा सांगायचे, त्यांच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, स्वतःच्या वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. म्हणून हा कागद मला फार महत्त्वाचा आहे.

उत्तर
ताई, आता आणखी ढीग करू नका. कुठला कागद कुठल्या रुमालात होता, आठवेल तेवढं आजच लिहून काढा. उरलेलं कागदच सांगतील. टाचणीचा गंज शेजारच्या कागदावर उमटतो, घड्या एकमेकींत बसतात, कसरीची भोकं एकाखाली एक येतात. ती जुळवा. मग प्रत्येक कागदाला पेन्सिलीने क्रमांक द्या आणि वहीत नाव, मिती जशी लिहिली आहे तशीच उतरवा. 'महादेव कोणता' हा रकाना सध्या कोराच ठेवा. मी आमच्या घराण्याचे कागद लावताना तो आधी भरला आणि दोन चुलत्यांचा एक माणूस करून बसलो. ते निस्तरायला वर्ष गेलं.

उत्तर
संवत्सराचं नाव साठ वर्षांनी फिरून येतं. कालयुक्त म्हणजे शके १७८० किंवा १८४०. आश्विनात शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८५८ किंवा १९१८. तहसीलमधून जमिनीचा वारस फेरफार काढा, गाव नमुना सहा. मुलगा लहान असेल तर नावापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून बहुधा आईचं नाव असतं. कोतवाल बुकात मृत्यूची नोंदही बघा.

प्रश्नकर्ती
काल रात्री दिव्यासमोर एकेक कागद धरला. चिठोऱ्याची तीन भोकं एका पोस्टकार्डावर नेमकी बसली, चौथं अर्धं. कार्डावर पोस्टाचा शिक्का ऑक्टोबर १९१८चा, आणि मजकूर : 'मानमोडीने घरोघर माणसे निजली आहेत, तुम्ही इकडे येऊ नये.' मानमोडी म्हणजे तेव्हाची इन्फ्लुएंझाची साथ. खाली सही नाही. मी कितीतरी वेळ ते हातात धरून बसले होते. आजोबा तेव्हा दीड वर्षांचे असणार.

रकान्यात 'पणजोबा?' असं पेन्सिलीने लिहिलंय. प्रश्नचिन्ह ठेवलंय. फेरफारासाठी सोमवारी तहसीलला जाते. सर्व्हे नंबर पावत्यांवर मिळाला.