मदत हवी आहे: गॅरेजमध्ये बिटकॉइन मायनर चालवायचाय, १२० की २४० व्होल्ट?

नमस्कार मंडळी,

मुक्काम न्यू जर्सी. भारतात परतणाऱ्या मित्राने जाता जाता त्याचा अँटमायनर एस१९ (आकडेमोड करून बिटकॉइन कमावणारं यंत्र, म्हणजेच मायनर) माझ्या गळ्यात मारलाय. ९५ टेराहॅशचा (सेकंदाला ९५ लाख कोटी आकडेमोडी), ३२५० वॅट खातो. एप्रिल २०२४ च्या हाल्विंगनंतर (बक्षीस निम्मं होतं ते) ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, ३.१२५ बिटकॉइनच मिळतात, यात काही राम नाही, हे बायकोने सांगून झालंय, तेव्हा ते सोडून बोला. हिवाळ्यात गॅरेज तापेल, तेवढंच पदरात.

निम्मं आयुष्य २३० व्होल्टवर गेल्यामुळे इथल्या १२० शी माझं सूत काही जुळत नाही. आधी जुना एस९ (अँटमायनरचंच आधीचं मॉडेल) वेग कमी करून, ११०० वॅटवर, साध्या सॉकेटला एक्स्टेन्शन लावून चालवला होता. तिसऱ्या दिवशी जळका वास. पिन उपसली तर एका पात्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन लोंबत होतं. ब्रेकर मात्र ढिम्म!

एस१९ ला २०० ते २४० व्होल्टच लागतात. गॅरेजलगत कपडे वाळवायच्या ड्रायरचं चार पात्यांचं ३० अँपिअरचं सॉकेट आहे. त्याला अडॅप्टर लावून भागेल, की वेगळी लाइन ओढू? आणि २४० वर बिल निम्मं येतं म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद १
बिल निम्मं वगैरे काही होत नाही हो. मीटर वॅट मोजतो. ३२५० वॅट म्हणजे दिवसाला ७८ युनिट, व्होल्ट कितीही असोत. पॉवर सप्लाय २४० वर किंचित कमी वीज वाया घालवतो, इतकंच. खरा फायदा करंटचा. १२० वर २७ अँपिअर लागले असते, २४० वर साडेतेरा. तुमची पिन करंटनेच भाजली, सैल सॉकेटमुळे जरा जास्तच. जोड तापला म्हणून ब्रेकर पडत नाही, त्याला फक्त अँपिअर कळतात.

ड्रायरला नुसता अडॅप्टर नको. मायनरच्या दोन्ही कॉर्ड १५ अँपिअरच्या, मागे ब्रेकर ३० चा. कॉर्ड वितळली तरी तो पडेलच असं नाही. मध्ये स्वतःचे ब्रेकर असलेला पीडीयू (वीज वाटून देणारा सॉकेटांचा पट्टा) हवाच. शिवाय कपडे कुठे वाळवणार?

प्रतिसाद २
२० अँपिअरची वेगळी २४० ची लाइन, १२ गेजची तांब्याची वायर. सतत चालणाऱ्या लोडला ब्रेकरच्या ८० टक्केच धरायचे, म्हणजे १६. साडेतेरा आरामात बसतात. पुढे दुसरा मायनर आणायच्या नादात ३० ची ओढाल तर फसाल, दोघांचे मिळून २७ आणि ३० वर मुभा २४ चीच.

धागाकर्ता
आभार दोघांचे. २० ची लाइन ठरली. शनिवारी इलेक्ट्रिशियन येतोय, परमिटचंही तोच बघतो म्हणाला. आता ७५ डेसिबलच्या पंख्यांचं काय करायचं तेवढं सांगा. गॅरेजच्या भिंतीपलीकडे सासूबाईंची खोली आहे.