मदत हवी आहे: सीझन तिकिटाबरोबरचं ‘डोनेशन’ नेमकं जातं कुठे?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची सीझन तिकिटं काढणाऱ्यांना विचारायचंय. बिलात तिकिटाची किंमत, सीटसाठीचं डोनेशन आणि काही ठिकाणी खेळाडूंसाठी अधिभार असतो. टेनेसी विद्यापीठाने २०२५च्या तिकिटांवर १० टक्के ‘टॅलेंट फी’ (खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठीचा अधिभार) निदान उघडपणे लावली. ती किमतीतच मुरवली, तर प्रेक्षकाला कळणार कसं?

कॉलेज खेळांची नियामक संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध खेळाडूंनी लढलेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या तडजोडीमुळे १ जुलै २०२५पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, तीही सगळे खेळ मिळून. बूस्टर मंडळींच्या (संघाच्या देणगीदार चाहत्यांच्या) कलेक्टिव्हचे, म्हणजे खेळाडूंना पैसे देण्यासाठी त्यांनी काढलेल्या स्वतंत्र संस्थांचे पैसे त्याबाहेरचे.

आता अडचण. सीटचा हक्क मिळवून देणाऱ्या डोनेशनच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी करवजावट मिळायची, ती २०१८पासून बंद. मग त्याच चेकमध्ये स्कॉलरशिप फंडाची रक्कम घातली, तर पावतीवर दोन्ही आकडे वेगळे येतात का, की दोन चेक द्यावेत? आणि कलेक्टिव्ह स्वतःला धर्मादाय म्हणवत असेल, तर काय तपासायचं? २०२३मध्ये आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) मेमोने अशा बऱ्याच संस्थांच्या करमुक्त दर्जावर शंका घेतली होती.

शेवटचं: ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) २०२६मध्ये मुख्यतः २ ते १६ जानेवारी एवढंच उघडं. क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) राहतोय की चाललाय हे कळल्यावर पैसे भरता येतील, अशी रिन्यूअलची मुदत कुठल्या कॉलेजात आहे? निष्ठा वगैरे ठीक, पण हप्ते आधी आणि संघ नंतर, हे जरा अतीच.