धान्य महागलं की लगेच निर्यातबंदी: हा उपाय की पळवाट?

नांगरट:
भाव चढले की सरकारं सगळ्यात आधी निर्यातीचं दार लावून घेतात. माझ्या मते हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. २००७-०८ मध्ये जगात तांदळाचं पीक बुडालं नव्हतं. तरीही भारत आणि व्हिएतनामने निर्यातीवर निर्बंध घातले, आयातदार देश घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी करत सुटले आणि काही महिन्यांत आंतरराष्ट्रीय भाव जवळपास तिप्पट झाला. उतरला कसा, तेही बघा. व्यापार कराराच्या बंधनामुळे आयात केलेला तांदूळ जपानच्या गोदामांत पडून होता. तो बाहेर काढायची तयारी मे २००८ मध्ये दिसली आणि भाव घसरू लागले. धान्य हललंही नव्हतं! म्हणजे टंचाईपेक्षा भीतीच मोठी होती.

चूलबंद:
असहमत. ज्या घरातली निम्मी कमाई जेवणावर जाते, त्यांना 'थांबा, बाजार सावरेल' असं कोण सांगणार? इजिप्तमध्ये जानेवारी १९७७ मध्ये अन्नावरचं अनुदान कापलं, दंगली पेटल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. सिंचन, गोदामं, सुधारित बियाणं यांना वर्षं लागतात. निर्यातबंदी एका आदेशाने लागू होते. सरकारने आधी आपल्या लोकांची ताटं बघायची नाहीत का?

बांधावरून:
ताटं बघा, पण पिकवणाऱ्याचंही बघा. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. तेलाच्या टाक्या भरत गेल्या तशी गिरण्यांनी फळांची खरेदी कमी केली. पामचं फळ तोडल्यावर एक-दोन दिवसांत गाळावं लागतं, नाहीतर तेलाची आम्लता वाढते. लहान बागायतदाराने ते ठेवायचं कुठे? शेतकरी रस्त्यावर उतरले आणि महिन्याच्या आत बंदी उठली. पण असा भाव पडला की माणूस पुढच्या हंगामात खतात हात आखडतो, लागवड घटवतो. पुढची महागाई तिथेच पेरली जाते.

चूलबंद:
मग पर्याय सांगा ना. राखीव साठा ठेवायचा तर गोदामाचं भाडं, कीड, नासाडी आलीच. शिवाय चढ्या बाजारात सरकारच खरेदीला उतरलं तर भाव आणखी भडकतो. खात्यात पैसे टाकले आणि दुकानात धान्यच नसलं तर?

नांगरट:
साठा स्वस्ताईच्या वर्षी भरायचा असतो, पेटल्यावर नाही. आणि बंदी घालायचीच असेल तर मुदत पहिल्याच दिवशी जाहीर करा. मदतीचं धान्य तरी वगळा. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मानवतावादी खरेदीवर निर्यातबंदी लावायची नाही, हे जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी जून २०२२ मध्ये ठरवलं. इतकी साधी गोष्ट ठरायला एवढी वर्षं लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बांधावरून:
दीर्घकालीन धोरणही एका रात्रीत लादू नये. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. भाताचं उत्पादन कोसळलं. काही महिन्यांत बंदी मागे घेतली, पण हंगाम हातचा गेला होता.

चूलबंद:
हे पटलं. मुदतीचं मात्र नाही. तारीख आधीच कळली तर मोठा व्यापारी तोवर माल दाबून बसेल आणि ते दिवस गरिबाने महाग धान्यावर काढायचे. त्याच्या साठ्यावर मर्यादा घालणार का? ती तपासणार कोण?